काकूंच्या पिशवीतला कोणता कागद त्यांना भारतीय ठरवतो?

आमच्या मजल्यावरच्या काकू एका संध्याकाळी कापडी पिशवी घेऊन घरी आल्या. चहाला नको म्हणाल्या आणि एकेक कागद टीपॉयवर मांडायला लागल्या. कोपरे झिजलेलं केशरी रेशनकार्ड. आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र, तिन्ही एकाच रबरबँडमध्ये. विजेची बिलं. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, त्यांतल्या निम्म्यांवर माझीच सही. आणि सगळ्यांत खाली, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला, काकांचा गिरणीतला पास. गिरणी बंद पडून जमाना झाला, काकाही राहिले नाहीत, पण पास आहे.

आता आधार कार्ड चालणार नाही, असं कुणीतरी त्यांना मोबाइलवर पाठवलं होतं. "अगं, तू सोसायटीची सेक्रेटरी, तुला कागदपत्रांतलं कळतं. यातला कोणता दाखवला की मी इथली ठरते?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही, कारण खरं उत्तर ऐकायला विचित्र आहे: काकू, यातला एकही कागद तुम्हाला भारतीय ठरवत नाही, आणि तरीही तुम्ही भारतीय आहातच. जून २०२५ मध्ये बिहारमध्ये मतदार याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये आणखी १२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश त्यात आले, आणि तेव्हापासून हा प्रश्न घराघरांत शिरला आहे. याद्या तपासणं चूक नाही. मात्र नागरिक म्हणजे कोण आणि त्याचं सरकारशी नातं काय, हे माहीत नसलं की माणूस प्रत्येक फॉर्मला घाबरतो. त्या संध्याकाळी काकूंना जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी उपविधींचं पुस्तक

सोसायटीत राहणाऱ्या मुंबईकराला राज्यघटना समजायला जड जाऊ नये. तिच्यासारखंच एक छोटं पुस्तक बिल्डिंगच्या ऑफिसातल्या कपाटात असतं: उपविधी. कमिटीत किती जण, किती वर्षांसाठी, सभेला न विचारता किती खर्च करायचा, पार्किंग कसं वाटायचं, हे सगळं त्यात असतं. चेअरमन कितीही कामाचा माणूस असो, पुस्तकात नसलेला दंड त्याला लावता येत नाही. उद्या सभेने हात वर करून ठराव केला की तिसऱ्या मजल्यावरच्यांनी लिफ्ट वापरायची नाही, तर सगळ्यांचे हात वर असले तरी तो ठराव टिकणार नाही. कमिटीला अधिकार मिळतात ते या पुस्तकातून, म्हणून पुस्तक कमिटीच्या वर.

सरकार अशा लिखित नियमांनी बांधलेलं असलं की त्याला घटनात्मक शासन म्हणतात. नियम राजाच्या राज्यातही असायचे, पण ते प्रजेसाठी. २६ जानेवारी १९५० पासून लागू असलेली आपली घटना मुख्यतः राज्यकर्त्यांना बांधते. तिचं कलम १३ वाचा: मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा विसंगतीपुरता निरर्थक. मूलभूत हक्क म्हणजे सरकारलाही ज्यांना वाटेल तसा हात लावता येत नाही असे हक्क. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे आणि तो नीट राबवला का हे बघणारे वेगळे, ही रचनाही त्यासाठीच. ज्याच्या हातात किल्ली त्याच्याच हातात हिशेबवही असली की काय होतं, हे कुठल्याही सोसायटीला सांगायला नको.

सभासदांची यादी सगळ्यांत आधी

फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे घटनेचा काही भाग २६ जानेवारीच्या दोन महिने आधीच लागू झाला होता. घटना स्वीकारली गेली त्याच दिवशी, २६ नोव्हेंबर १९४९ ला, मोजकी कलमं अमलात आली. त्यांत नागरिकत्वाची पाच ते नऊ ही कलमं होती आणि निवडणूक आयोगाचं ३२४ वं कलमही. सोसायटी नोंदवताना आधी सभासद कोण ते ठरतं, मग कमिटीची निवडणूक. देशानेही तोच क्रम धरला.

त्या घाईमागे फाळणी होती. सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं तेव्हा कल्याणच्या लष्करी छावणीत राहत होती. त्या छावणीचंच पुढे उल्हासनगर झालं. चेंबूर, सायन कोळीवाड्यातही माणसं येऊन उतरली होती. यांच्याकडे कागद कुठले असणार? कलम ६ ने त्यांच्यासाठी एक तारीख आखली. जो स्वतः किंवा ज्याचे आईवडील, आजीआजोबा यांपैकी कुणी अखंड हिंदुस्थानात जन्मलेलं आहे, आणि जो १९ जुलै १९४८ च्या आधी इथे येऊन राहतो आहे, तो नागरिक. त्यानंतर आलेल्यांनी सहा महिने राहून नोंदणी करायची. मला हे कलम नेहमी थांबून वाचावंसं वाटतं. देशाचे दोन तुकडे झालेले, छावण्यांमध्ये माणसं मावत नव्हती, आणि अशा वेळी घटना लिहिणाऱ्यांनी निर्वासितांना आत घेणारी वाट आधी आखून ठेवली.

तुमचा जन्म कधीचा?

पुढचे नियम करण्याचं काम घटनेने संसदेवर सोपवलं आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा आला. जन्माने मिळणारं नागरिकत्व आज तुमच्या जन्मतारखेवर अवलंबून आहे, आणि घरातल्या तीन पिढ्यांना तीन वेगळे नियम लागू शकतात.

२६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला माणूस नागरिक, मग आईवडील कोणीही असोत. परदेशी राजदूतांच्या मुलांसारखे थोडे अपवाद सोडायचे. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेल्यांसाठी इथला जन्म पुरेसा नाही, आई किंवा वडील यांपैकी एकजण भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी कडक: दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे काकूंनी फक्त आपला जन्म इथे झाला एवढं दाखवायचं, त्यांच्या नातवाला मात्र आईवडिलांचाही प्रश्न येतो.

परदेशात भारतीय आईवडिलांच्या पोटी जन्मून, नोंदणीने किंवा बरीच वर्षं इथे राहूनही नागरिकत्व मिळतं. त्यांच्या अटी वेगळ्या, मी खोलात जात नाही. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी एक मात्र लक्षात ठेवावं. स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. नंतर मिळणारं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना दिलं जाणारं कार्ड) येण्याजाण्याची आणि राहण्याची सोय देतं, मत देत नाही.

मग आधार कशाचा पुरावा?

पुन्हा सोसायटीत येऊ. मेंटेनन्सची पावती तुम्ही त्या फ्लॅटचे पैसे भरले हे सांगते. गेटवरच्या वहीतली नोंद तुम्ही तिथे येता-जाता हे सांगते. सभासद मात्र शेअर सर्टिफिकेटवर आणि सभासदांच्या रजिस्टरमध्ये नाव असलेलाच. भाडेकरूकडेही गॅसचं पुस्तक असतं, विजेचं बिल असतं, पत्त्यावर कुरिअर येतं.

आधार हे ओळखीचं कार्ड आहे. अर्ज करण्याआधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या रहिवाशाला ते मिळू शकतं, तो परदेशी असला तरी. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधार कायद्याचं कलम ९ स्वतःच सांगतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर निकाल देताना हेच स्पष्ट केलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ आहे एवढ्याने कोणी भारताचा नागरिक होत नाही. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या पुनरीक्षणात निवडणूक आयोगाच्या अकरा कागदांच्या यादीत आधार बारावा म्हणून घ्यायला लावला, पण ओळख पटवण्यापुरता. दोन्ही बातम्या एकमेकींच्या विरुद्ध वाटल्या आणि लोक गोंधळले. प्रत्यक्षात दोन्ही न्यायालयं एकच सांगत होती.

खरी अडचण वेगळी आहे. जन्माने नागरिक असलेल्या माणसाच्या हातात 'हा घ्या, नागरिकत्वाचा दाखला' असा एकच सर्वमान्य कागद आपल्याकडे दिला जात नाही. शेअर सर्टिफिकेट छापलेलंच नाही, असं समजा. मग जन्माची जागा आणि तारीख दाखवणारे कागद जोडत जावं लागतं: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या मतदार यादीतलं आपलं किंवा आईवडिलांचं नाव.

इथे मराठी घरांतल्या बायका अडकतात. काकूंचा जन्म १९५७ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात, घरी सुइणीच्या हातून. जन्माची नोंद नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, म्हणून पुतण्याने गावच्या शाळेतून दाखला काढून आणला. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मस्थळाचा रकाना असतो, तो आपल्याला तारतो. पण दाखल्यावर माहेरचं नाव, माहेरचं आडनाव आणि तारीख १४ जूनची. आधारवर सासरचं नाव, सासरचं आडनाव आणि तारीख १ जानेवारी १९५७. ही १ जानेवारी आपल्या आईआज्यांच्या असंख्य कार्डांवर सापडेल. नोंदणीच्या टेबलावर विचारलं, तारीख आठवत नव्हती, मग नुसतं वर्ष सांगितलं आणि समोरच्या यंत्राने पहिली तारीख धरली. लग्न गावच्या देवळात झालं, नोंदणी नाही, तेव्हा कुणी करतच नव्हतं. आता या दोन नावांची बाई एकच आहे हे दाखवायचं कसं? रेशनकार्डातलं नातं, प्रतिज्ञापत्र, राजपत्रात छापून घेतलेला नावातला बदल, असं एकेक उभं करावं लागतं. ज्याचं नाव जन्मापासून तेच राहिलं त्या पुरुषाला या कटकटीची कल्पना येत नाही. म्हणून माझं सगळ्यांना आग्रहाचं सांगणं आहे: घरातल्या म्हाताऱ्या बायकांचे शाळेचे दाखले, त्या हिंडत्या-फिरत्या आहेत तोवर मिळवून ठेवा, आणि लग्नाची नोंद आता तरी करा.

'जो सभासदच नाही त्याला हक्क कशाला?'

हा प्रश्न मला आमच्या ग्रुपवर दर महिन्याला वाचायला मिळतो. उत्तर घटनेतल्या दोन शब्दांत आहे. काही कलमांत 'नागरिक' लिहिलं आहे, काहींत 'व्यक्ती'. बोलण्याचं, संघटना करण्याचं, देशात कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य देणारं कलम १९ नागरिकांसाठी. सरकारी नोकरीतली समान संधी नागरिकांसाठी. मत आणि निवडणूक लढवणं नागरिकांनाच. पण कायद्यापुढे समानता देणारं कलम १४ आणि जीविताचं व व्यक्तिस्वातंत्र्याचं रक्षण करणारं कलम २१ कोणत्याही व्यक्तीला लागू आहे, तिचा पासपोर्ट कुठलाही असो. भाडेकरूला सभेत मत नसतं, तरी कमिटीने त्याचं पाणी तोडायचं नसतं.

या शहराने त्याची सर्वांत कठीण परीक्षा दिली. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसएमटीवर, कामा रुग्णालयाबाहेर जे झालं ते विसरणं कुणाला शक्य नाही. जिवंत पकडलेला एकमेव हल्लेखोर, अजमल कसाब, परदेशी होता. सगळ्या जगाने त्याला कॅमेऱ्यात पाहिलं होतं. खटला कशाला हवा, असं तेव्हा घरोघरी बोललं जायचं आणि त्या रागात मीही होते. तरी आर्थर रोड तुरुंगात विशेष न्यायालय बसलं, त्याला वकील दिला गेला, मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात ती अमलात आली.

त्या शेवटच्या निकालातला एक भाग फारसा कुणी वाचला नाही. आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं जाईल तेव्हा, त्याला वकिलाचा हक्क आहे आणि परवडत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळेल, हे त्याला सांगणं दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असं न्यायालयाने बजावलं. उद्या कुणाच्या मुलाला चुकून पोलिसांनी उचललं, तर त्याच्या उपयोगी पडणारी ओळ कसाबच्या खटल्यात लिहिली गेली आहे. हक्कांची भिंत परक्यासाठी पाडली की तिचे दगड आपल्याच अंगणात पडतात.

'टॅक्स आम्ही भरतो, मत मात्र सगळ्यांना सारखं?'

सोसायटीची उपमा इथे तुटते, आणि ते सांगायला हवं. सोसायटीत मत फ्लॅटला असतं. फ्लॅट विकत घ्यावा लागतो. देशात मत माणसाला आहे. कलम ३२६ प्रमाणे १८ वर्षं पूर्ण झालेला प्रत्येक नागरिक, त्याची जमीन किती, शिक्षण किती, कर किती हे न विचारता. (आधी वय २१ होतं, १९८९ मध्ये ते १८ झालं.)

ब्रिटिशांच्या काळात असं नव्हतं. मत हवं तर मालमत्ता, भरलेला कर, घरभाडं किंवा शिक्षण यांपैकी काहीतरी दाखवावं लागे. प्रौढ मताधिकाराने मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. म्हणजे गिरणगावात ज्यांच्या घामावर हे शहर उभं राहिलं, त्यांच्यातल्या बहुतेकांना तोवर आपल्या गल्लीच्या नळाबद्दलही मत नव्हतं. ज्यांना आज 'फक्त करदात्यांना मत द्या' असं वाटतं, त्यांनी आपले आजोबा त्या यादीत बसले असते का, हे आधी बघावं. आणि झोपडीतला माणूस कर भरत नाही हेही खरं नाही. साबणाची वडी घेताना तो जीएसटी देतोच.

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला होता की राजकारणात आपण एक माणूस, एक मत, एक मूल्य मानणार, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात हे मूल्य नाकारत राहणार, आणि ही विसंगती लवकर संपवली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल. पुढे १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून उभे राहिले आणि पराभूत झाले. ज्या नियमांचा मसुदा त्यांनी केला, त्याच नियमांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. नंतर ते राज्यसभेवर गेले. त्यांच्या पराभवाचं मला आजही वाईट वाटतं, पण नियम ज्याने केले त्यालाही ते सारखेच लागू होतात, हे त्या वर्षी या शहराने पाहिलं.

'बहुमत आहे ना, मग कोर्ट मध्ये का येतं?'

जुलै १९८१ मध्ये तेव्हाच्या राज्य सरकारने पदपथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याचं ठरवलं. पाऊस चालू होता. सरकार निवडून आलेलं होतं, आणि पूर्वसूचना न देता अतिक्रमण काढण्याचा अधिकार १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३१४ मध्ये होता. म्हणजे बहुमतही होतं, कायदाही होता. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १० जुलै १९८५ ला निकाल दिला. माणूस पदपथावर राहतो कारण काम तिथून जवळ मिळतं. जागा काढली की काम जातं आणि काम गेलं की जगणं जातं. म्हणून उपजीविकेचा हक्क कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच येतो. पण पदपथ अडवण्याचा हक्क कुणाला नाही, तो चालणाऱ्यांसाठी आहे, हेही त्याच निकालात आहे. हटवता येईल, मात्र नियमाने: आधी सूचना, ऐकून घेणं, १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली त्यांना मालवणीला किंवा दुसरीकडे पर्यायी जागा. आणि पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, हात लावायचा नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचा पाऊस मोजून निकालातली मुदत ठरवली, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्यात आणखी एक मुद्दा होता. या लोकांनी आधी उच्च न्यायालयात, पदपथावर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, असं मान्य केलं होतं. त्यावर बोट ठेवून सरकार म्हणालं, आता हक्काचं नाव काढू नका. न्यायालयाने सांगितलं, मूलभूत हक्क कुणाला असे सोडून देता येत नाहीत. अगतिकतेत दिलेल्या कबुलीने घटना बांधली जात नाही. कोऱ्या कागदावर सही करून बसलेल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

पुस्तकच बदललं तर? सोसायटीचे उपविधी दोन तृतीयांश बहुमताने बदलता येतात आणि निबंधकांकडे नोंद झाल्यावरच लागू होतात. घटनादुरुस्तीलाही दोन्ही सभागृहांत असं विशेष बहुमत लागतं आणि काही बाबतींत निम्म्या राज्यांची संमती. आजवर १०६ दुरुस्त्या झाल्या आहेत, तेव्हा घटना बदलतच नाही असं कुणी म्हणू नये. पण २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा असा निर्णय दिला की दुरुस्ती करता येईल, मूलभूत चौकट मोडता येणार नाही. गच्चीवर शेड टाका, भिंत सरकवा, रंग बदला, पण ज्यावर इमारत उभी आहे तो कॉलम तोडायला सभेचा ठराव पुरत नाही. त्या खटल्यात ही बाजू मांडणारे नानी पालखीवाला मुंबईचेच.

पुस्तकात लिहिलं म्हणजे झालं का?

झालं नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या दारात आहे. घटनेचं कलम २४३ यू सांगतं की महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. मधली पावणेचार वर्षं या शहरात एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकाने कारभार पाहिला, ज्या अर्थसंकल्पाचा आकडा एका वर्षी ७४ हजार कोटींच्या पुढे गेला तोही प्रशासकाच्याच सहीने मंजूर झाला.

कारणं होती. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ आणि पुन्हा २२७ झाली. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत निवडणुकीची अधिसूचना काढायला सांगितलं. पण सोसायटीची निवडणूक एवढी लांबली असती तर आपण निबंधकांकडे धाव घेतली असती. वॉर्डातल्या गटाराबद्दल बोलायला कुणी निवडून आलेला माणूस नाही, हे आपण मुकाट्याने चालवून घेतलं. कलम स्वतः उठून कुणाला जाब विचारत नाही. तो नागरिकाने विचारायचा असतो: प्रश्न विचारून, माहिती अधिकाराचा अर्ज करून, आणि गरज पडली तर कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करून. रिट म्हणजे सरकारी यंत्रणेला 'हे करा' किंवा 'हे थांबवा' असं बजावणारा न्यायालयाचा आदेश.

यादीतून नाव गेलं तर?

काकूंना खरी भीती याची होती. मतदार यादीतलं नाव परस्पर काढता येत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २२ नुसार नाव वगळण्याआधी त्या माणसाला बाजू मांडण्याची रास्त संधी द्यावीच लागते, फक्त मृत्यू झाला असेल तर वेगळं. दिल्ली आणि मुंबईतल्या मतदारांना नव्वदच्या दशकात 'नागरिक असल्याचं सिद्ध करा' अशा नोटिसा गेल्या होत्या. त्यावर १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नाव आधीपासून यादीत असेल तर ते रीतसर तपासूनच घातलं होतं असं धरून चालावं, संशयाचा आधार त्या माणसाला सांगावा आणि तो देईल तो सगळा पुरावा पाहावा.

निर्णय विरुद्ध गेला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, आणि तिथेही नाही झालं तर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. मुंबईत जिल्हाधिकारी दोन, शहराचे आणि उपनगराचे, हे विसरू नका.

चाकरमान्यांनी मात्र एक काळजी घ्यावी. गावी घर आहे, गणपती-शिमग्याला जाणं आहे, म्हणून तिथल्याही यादीत नाव ठेवायचं, ही जुनी सवय. कायद्याने नाव एकाच ठिकाणी, जिथे नेहमीचं राहणं असेल तिथे. नुसतं घर नावावर असणं म्हणजे तिथे राहणं नव्हे. दोन ठिकाणी नाव असणारा माणूस तपासणीत आधी सापडतो.

यादीत नाव नसेल तर फॉर्म ६, दुरुस्ती किंवा पत्ता बदलायचा असेल तर फॉर्म ८. काकूंचं नाव आम्ही मोबाइलवर शोधलं. आमच्याच मतदान केंद्राच्या भागात, त्यांच्याच पत्त्यावर होतं. वय दोन वर्षांनी चुकलेलं आणि काकांच्या नावात एक काना जास्तीचा. फॉर्म ८ त्याच रात्री भरला, सोबत शाळेचा दाखला जोडला. गिरणीचा पास काकूंनी पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि पिशवीच्या तळाशी ठेवला.